मैदानाकडे पाठ

“काय झालं वो ताई?”

हा प्रश्न ते मैदानाकडे पाठ करून विचारायचे. बाजूच्या रेषेजवळ लिंबाखाली एक चपटा दगड होता, त्यावर बसलेले. दोन्ही हात गुडघ्यांवर, मान सरळ, तोंड शाळेच्या खोल्यांकडे. मागे मुली धुळीत धावताहेत, शिट्टी वाजतेय, चेंडू गोलच्या फळीवर ठाक्कन आदळलाय, आणि सगळ्या पालकांत हा एकच माणूस असा बसलाय की जणू एसटीची वाट बघतोय.

मी सांगायची, “गोल झाला. रेणुकाने मारला.”

“झाला काय? बरं झालं.” मग जरा थांबून, आजूबाजूच्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, “मी काई पाह्यलं नाई बरं.”

लोक हसायचे. मीही हसायची. आज त्या हसण्याची लाज वाटते म्हणून हे लिहिते आहे.

केनवडला शाळेतल्या मुलींना मी हॉकी शिकवते. हॉकी आणि केनवड हे दोन शब्द एकत्र ऐकून तुम्हाला गंमत वाटली असेल. आमच्या मैदानावर गवत नाही. काळी माती आहे. ती उन्हाळ्यात दगडासारखी टणक होते आणि पावसाळ्यात पायातले बूट काढून घेते. काठ्या सगळ्यांना पुरत नाहीत. पालक मात्र भरपूर येतात, आणि त्याचं कारण हॉकी हे नाही. कबड्डीला जिल्ह्यात गावागावाच्या टीम आहेत. मुलींच्या हॉकीला बोटांवर मोजाव्यात इतक्या. दोन सामने जिंकले की पोरगी विभागाला पोचते. मग प्रमाणपत्र, प्रमाणपत्रावर दहावीचे वाढीव गुण, आणि पुढे जमलंच तर पोलिसात खेळाडूची जागा. एका आईने नाव घालण्याच्या दिवशीच मला विचारलं होतं, “खेळ तुमी केव्हाबी शिकवा मॅडम, पन सर्टिफिकेट कोन्त्या महिन्यात भेटते?”

तुमच्याही गावातल्या मैदानांवर हे पालक तुम्ही पाहिले असतील. रेषेबाहेर उभे राहून तेच जास्त खेळतात. पोरगी चुकली की यांचं नाक कापलं जातं, पोरगी जिंकली की यांची छाती फुगते. मला त्यांचा संताप यायचा.

आणि मी पत्रकांच्या घरात वाढलेली. माझे वडील चळवळीतले. आमच्या घरी गादीखाली, फळीवर, शिलाई मशीनच्या झाकणात पत्रकांचे गठ्ठे असत. अन्याय दिसला की चार परिच्छेद लिहायचे आणि सकाळी वाटून टाकायचे, हे मला बाराखडीबरोबरच आलं. पत्रक वाचून कुणाचं काय होतं, हे पाहायला परत जायची सवय मात्र आमच्या घरात कुणाला नव्हती.

ते रेणुकाचे वडील. स्टँडजवळ त्यांचं पंक्चरचं दुकान होतं; दुकान म्हणजे चार ताडपत्र्या आणि पाण्याचं एक घमेलं. त्याआधी ते भावाच्या टोळीबरोबर ऊसतोडीला जात. रेणुकाची आई ती लहान असतानाच गेली. म्हणून तोडीला जाताना ते पोरीलाही नेत, आणि दरवर्षी तिची अर्धी शाळा फडातच बुडे. पाचवीत तिने काठी हातात घेतली, त्या वर्षापासून ते मागे राहू लागले. भावाने टोमणे मारले, मुकादमाने बोलणं सोडलं. त्यांनी दुकान टाकलं.

सुरुवातीला ते असे पाठमोरे नव्हते. सामना सुरू झाला की घमेल्यात ट्यूब तशीच सोडून यायचे आणि रेणुकाच्या बरोबरीने रेषेबाहेरून पळायचे. “वाक! रेणे, वाक! अजून वाक!” हॉकीत वाकल्याशिवाय चेंडू ताब्यात राहत नाही, हे मी मुलींना सांगायची, त्यांनी ते ऐकून ठेवलं होतं. हातात सोल्युशनने काळी झालेली चिंधी असे, तीच ते झेंड्यासारखी हलवायचे. एकदा एक म्हातारे गृहस्थ त्यांना शोधत मैदानावर आले.

“काहो, माही सायकल कुठं हाय?”

“उलटी करून ठेवली हाय काका. हापटाईम झाला का येतो.”

“मले केनवडातून घरी जाचं हाय, हापटाईम कायले पाह्यजे?”

“बसा ना मंग. पोट्टीचा खेळ पाहा. पैदल जाऊन तुमी काय कमावनार हाय?”

म्हातारे बसले. शेवटपर्यंत बसले. जाताना रेणुकाला “शाबास” म्हणून गेले.

सगळ्या मुलींच्या काठ्यांना त्यांनी जुन्या ट्यूबच्या पट्ट्या गुंडाळून मुठी करून दिल्या होत्या. घाम आला तरी हात सरकत नसे. आणि रेणुका, चेंडू अडवला की, हरवला की, कुणाला चकवून पुढे गेली की, दर वेळी मान वळवून त्यांच्याकडे पाहायची. अर्धा क्षण. मी ते पाहायची आणि मनात एकच शब्द लिहायची: दबाव.

मग ती घटना घडली. एका सामन्यानंतर दुसऱ्याच एका मुलीचे वडील मैदानात घुसले आणि आमच्या गोलकीपरच्या, म्हणजे स्वतःच्या पोरीच्या, सगळ्यांसमोर थोबाडीत मारली. तीन गोल गेले म्हणून. पोरीच्या पायाला पॅड बांधलेली होती, तिला पळताही आलं नाही.

त्याच संध्याकाळी मी पत्रक लिहिलं. ‘पालकांनो, हे तुमचं मैदान नाही!’ मला ते अजून पाठ आहे. त्यात एक वाक्य होतं: ‘तुमची नजर हे तुमच्या मुलीच्या खांद्यावरचं ओझं आहे. ते आजच उतरवा.’ हे वाक्य लिहून मी स्वतःवरच खूश झाले होते. मुख्याध्यापकांनी ते पत्रक सूचनाफलकावर लावलं, प्रती मुलींबरोबर घरोघरी पाठवल्या. खाली माझं नाव होतं.

दुसऱ्या दिवशी रेणुकाचे वडील पत्रक घेऊन आले. चार घड्या घालून शर्टाच्या खिशात ठेवलं होतं.

“रेणीनं वाचून दाखवलं. लय चांगलं लिवलं ताई. पन एक इचारू काय?”

“विचारा ना.”

त्यांनी काळ्या बोटाने बरोबर त्या वाक्यावर खूण केली. “हे नजरेचं. म्हंजे पाह्याचंच नाई?”

मी त्या दिवशी पेटलेली होते. माझ्यासमोर कोण उभं आहे, हेसुद्धा मी नीट पाहिलं नाही. म्हणाले, “नाही पाहिलं तर काही बिघडत नाही. खेळ तिचा आहे.”

“हाव,” ते म्हणाले. “खेळ तं तिचाच हाय.”

पुढच्या सामन्याला ते आले आणि लिंबाखालच्या दगडावर पाठ करून बसले. मी म्हटलं, “अहो, मग दुकानावरच थांबायचं ना!”

“दुकानावर जीव नाई लागत. इथं बसतो. पाह्यत नाई.”

ज्याच्यासाठी ते पत्रक लिहिलं होतं, त्या माणसाने त्याची सुरळी करून कान कोरला. ज्याला त्याची गरज नव्हती, त्याने अक्षरन् अक्षर पाळलं. पत्रकांचं हे असंच होतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

दोन वर्षं ते तसे बसले. लोक छेडायचे.

“काहून बे, भितीत पंक्चर शोधून राह्यला काय?”

“मॅडमचा नियम हाय,” ते अभिमानाने सांगायचे. “पोरीच्या खांद्यावर वझं नाई टाकाचं. तुमीबी फिरा इकडे तोंड करून.”

कुणी फिरत नसे.

मला वाटायचं, या माणसाचा कान भलता तयार आहे. मैदानाकडे न बघता ते सामन्यावर बोलायचे. एकदा म्हणाले, “आज डाव्या बाजूनं लय जोरात गेली पोट्टी.” ती गेली होती उजवीकडून. मी हसून म्हटलं, “उजवी हो, उजवी.” त्यांनी स्वतःच्या दोन्ही हातांकडे पाहिलं आणि जीभ चावली. आणखी एकदा म्हणाले, “ताई, तिचा मोजा खाली आला, पाय अडकन तिचा.” मी बघितलं, तर खरंच मोजा घसरलेला. “तुम्हाला कसं कळलं?” “पावलाचा आवाज फसकन येऊन राह्यला ना.” मी हे मुलींना कौतुकाने सांगितलं. बापाचं काळीज कसं ऐकतं बघा, म्हटलं.

रेणुका त्या दोन वर्षांत जिल्ह्यातली सगळ्यांत चांगली खेळाडू झाली. तिने बाजूला मान वळवणं कधी सोडलं, ते मला कळलंही नाही. कळलं तेव्हा आनंद झाला. माझ्या पत्रकाने एक मुलगी मोकळी केली, असं मला वाटलं.

गेल्या दिवाळीआधी आम्ही जिल्हा जिंकून विभागाच्या सामन्यांना अमरावतीला गेलो. जीपमध्ये पुढच्या सीटवर तेही आले, ट्यूबच्या पट्ट्यांची पिशवी मांडीवर घेऊन. तिथलं मैदान मोठं, कडेने प्रेक्षकांसाठी पायऱ्या. ते सगळ्यांत खालच्या पायरीपुढे जमिनीवर बसले, मैदानाकडे पाठ आणि पब्लिककडे तोंड करून. लोक त्यांच्याकडे बघून हसत होते. ते मात्र पहिल्यापासून चुळबुळत होते.

“ताई, इथं काईच समजून नाई राह्यलं.”

“आवाज येत नाही का?”

“आवाज येते,” ते म्हणाले, आणि पायऱ्यांवरच्या लोकांकडे बघत राहिले.

सामना बरोबरीत. शेवटच्या मिनिटांत आम्हाला पेनल्टी स्ट्रोक मिळाला. चेंडू ठेवलेला, समोर एकटी गोलकीपर, मारणारी एकटी. रेणुका पुढे गेली. सगळीकडे शांतता पसरली. तेवढ्यात मला शेजारी हालचाल जाणवली. ते वळले होते. दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांचं तोंड मैदानाकडे होतं.

मारण्याआधी रेणुकाने मान वळवली. जुनी सवय असेल. तिला त्यांचा चेहरा दिसला.

चेंडू खांबाबाहेरून गेला. पुढच्याच मिनिटाला आमच्यावर गोल झाला.

ते पुन्हा पाठ करून बसले होते. “माह्या नजरेनं गेला, ताई. एकडाव पाह्यलं अन् गेला.”

“असं काही नसतं. अंधश्रद्धा आहे ही,” मी चिडून म्हणाले.

“तुमीच तं लिवलं,” ते म्हणाले. त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. त्यांनी मला फक्त आठवण करून दिली.

परत येताना ते पुढे बसले होते, मान खाली. मागच्या सीटवर रेणुका माझ्या कानाशी आली.

“ताई, माहा खेळ इतका खराब हाय काय?”

“काहीतरीच काय. एक स्ट्रोक गेला.”

“स्ट्रोकचं नाई. बाबा दोन सालापासून माह्याकडं पाह्यत नाईत.”

“अगं, ते पत्रकामुळे. तूच तर वाचून दाखवलंस ना?”

“पत्रक तं सगळ्यायले भेटलं होतं. बाकी कोनाचे बाबा फिरून बसले? माह्याच बाबानं काहून पाळलं? त्यायले पाह्याचंच नसन. पत्रक निमित्त हाय.” मग खिडकीबाहेर बघत म्हणाली, “आज पाह्यलं, तं मले समजलंच नाई का रागानं पाह्यलं का काय. काठी वाकडी पडली माही.”

पुढच्या सीटपर्यंतचं अंतर हातभर होतं. हात लांबवून त्यांच्या खांद्याला स्पर्श करता आला असता, म्हणता आलं असतं, मी चुकले, तुम्ही वळा, तुमची पोरगी तुमची वाट बघतेय. दोन वाक्यांचं काम. पण जीपमध्ये सगळ्या मुली होत्या, आणि ते पत्रक अजून फलकावर होतं. मी म्हटलं, उद्या दुकानावर जाऊन सांगू. दुसऱ्या दिवशी थकले होते. तिसऱ्या दिवशी गेले, तर घमेलं पालथं घातलेलं होतं.

टोळीचा ट्रॅक्टर स्टँडवरच उभा होता. भर दुपार. ट्रॉलीत भांडी, गोधड्या, कोंबड्या, लेकरं. ते वर चढून बसले होते. रेणुकाला आत्याकडे ठेवलं होतं.

“अहो, तुम्ही कुठे निघालात?”

“जातो ताई. मी दूर असलो का तिले मोकळं खेळता येईन. इथं राह्यलो तं पुन्हा फिरून पाहीन. नाई राहवत.”

मी म्हटलं, “तुम्हाला तिच्याकडून हवं तरी काय आहे? मार्क? पोलीस?” हा प्रश्न मी त्यांना कधीच विचारला नव्हता. पत्रकात उत्तर लिहून मोकळी झाले होते.

ते ट्रॉलीच्या फळीवरून खाली झुकले. “तोडीवर हे पोट्टी डोक्यावर मोळी घेऊन वाकून चाले. सात-आठ सालाची. मी पुढं, थे मांगं. इथं तुमच्या मैदानावर पयल्यांदा पाह्यलं, थे वाकली तं माराले वाकली. मले काय पाह्यजे ताई? मले निसतं पाह्याले भेटलं तरी पुरे होतं.”

ड्रायव्हरने हॉर्न दिला. मी ओरडून म्हणाले, “परत आलात की बोलू. महत्त्वाचं आहे.”

“बोलू ना! उन्हाळ्यात येतोच.”

त्यानंतर दर रविवारी दुपारी त्यांचा फोन यायचा. मागे कोयत्यांचे, माणसांचे आवाज.

“काय झालं वो ताई?”

मी सराव सामन्याचं सगळं सांगायची, कोणी किती गोल मारले, रेणुका कशी खेळली. ते हुंकार देत ऐकायचे. शेवटी हसून म्हणायचे, “मी काई पाह्यलं नाई बरं.” मीही हसायची. आणि जे सांगायचं होतं ते, हे काय फोनवर बोलायचं, म्हणून उन्हाळ्यावर ढकलायची. दहा-बारा रविवार होते माझ्या हातात.

संक्रांतीच्या चार दिवस आधी उसाची ट्रॉली उलटली. वर बसलेल्यांत ते होते.

त्यांचा देह गावी आणला तेव्हा त्यांच्या कपड्यांच्या पिशवीतून ते पत्रक निघालं. प्लास्टिकच्या पन्नीत घडी घालून ठेवलेलं. रेणुकाने ते मला परत दिलं.

ती मैदानावर येत राहिली, पण खेळत नव्हती. काठी मांडीवर आडवी ठेवून कडेला बसायची. मी तिला दहा प्रकारे समजावलं. मला समजावता फार चांगलं येतं. ती ऐकून घ्यायची आणि बसून राहायची. आत्या म्हणत होती, एवीतेवी खेळत नाही, तर पुढल्या हंगामात काकाच्या टोळीबरोबर जाऊ द्या.

महिन्याभरानंतरची गोष्ट. सकाळचा सराव चालू होता. माझ्या बुटाची नाडी सुटली म्हणून मी लिंबाखालच्या त्या दगडावर टेकले. त्यांच्यासारखी बसले, तोंड खोल्यांकडे. मुद्दाम नाही. दगडाचा उतारच तसा आहे.

समोर कॉम्प्युटरची खोली. तिला बाराही महिने कुलूप. खिडकीच्या काचांना ऊन लागू नये म्हणून काळी फिल्म लावलेली. त्या काळ्या काचेत सगळं मैदान होतं. दोन्ही गोल, लिंबाची फांदी, धूळ, पळणाऱ्या मुली, त्यांच्या वेण्या, त्यांचे मोजे. उजवीकडची मुलगी डावीकडे पळत होती.

नाडी हातातच राहिली.

दोन वर्षं. त्यांनी नियम पाळला होता. पोरीच्या खांद्यावरून नजर उचलली होती. आणि एक क्षणही तिच्यावरून काढली नव्हती. अमरावतीला फक्त काच नव्हती.

मी रेणुकाला हाक मारली. “इथे बस.”

“कायले?”

“बस तर खरं. बाबा बसायचे तशी.”

ती बसली. काठी गुडघ्यांवर. मी काहीच समजावलं नाही, आयुष्यात पहिल्यांदा. बाजूला झाले. तिची मान आधी खाली होती, मग वर झाली, मग तिथेच थांबली. पाठीमागे लहान मुली खेळत होत्या. कुणीतरी कुणाला तरी ओरडत होतं, “वाक ना, वाक!” रेणुकाचा एक हात हळूहळू वर आला आणि तिने काठीची मूठ धरली, ट्यूबच्या पट्ट्यांची. काचेतल्या मुलीनेही धरली.

बराच वेळ गेला. चेंडू फळीवर ठाक्कन आदळला. मुली ओरडल्या.

“काय झालं गं?” मी विचारलं. तोंडातून निघूनच गेलं.

तिने वळून पाहिलं नाही. खांदे हलत होते. जरा थांबून, आजूबाजूच्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली,

“मी काई पाह्यलं नाई बरं.”